बाकीचे तीन

चुकीचं गणित कानावर पडलं की मला गप्प बसवत नाही. दुकानदार असो, आमचे मुख्याध्यापक असोत, नाहीतर रेडिओवर हवामान सांगणारी बाई असो, मी तिथल्या तिथे दुरुस्त करते. सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवतेय. मुली माझ्या पाठीमागे मला 'काटा' म्हणतात. तराजूचा की पायात रुततो तो, हे मी कधी विचारलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंना तीन मुली झाल्या आणि चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, "आता मुलगाच, तीन झाल्या ना!" तेव्हा मी हातात भाजीची पिशवी घेऊन जिन्यात अर्धा तास उभी राहिले आणि पोटाला मागचं काही आठवत नसतं, हे त्यांना समजावून सांगितलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर मात्र मीच होते.

असा माझा लौकिक. आणि तीच चूक माझ्या घरात, माझ्याच स्वयंपाकघरात झाली तेव्हा मी मूग गिळून बसले.

घरात आम्ही तिघं. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. चाळिशी आली, पोट सुटलं, तरी सगळे त्याला बाळ्याच म्हणतात. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीसची, त्यामुळे त्याची नुसती बहीण होणं मला कधी जमलंच नाही. भावजय कपड्यांच्या कारखान्यात माल तपासते. शिवून आलेल्या शर्टांचे गठ्ठे तिच्या टेबलावर येतात. ती एकेक नग उलटासुलटा करून बघते, आणि कुठे शिवण उसवलेली किंवा कॉलर वाकडी दिसली की त्याच्यावर लाल चिकटपट्टी मारून तो बाजूच्या टोपलीत टाकते. अंगाने किडकिडीत, नजर टोकदार, म्हणून कारखान्यात तिचं नाव 'टाचणी' पडलं. बाळ्याने ते नाव घरी आणलं आणि तिनेही ते हसून लावून घेतलं.

त्यांची पहिली मुलगी चौदा महिन्यांची होऊन गेली. आधी ती मान धरेना, मग पाय हलवेना, शेवटी दूध गिळायचीही ताकद तिच्यात राहिली नाही. दुखणं रक्तातून आलेलं होतं, अर्धं आईकडून आणि अर्धं बापाकडून, आणि हे दोघं मात्र ठणठणीत. मुलगी गेल्यावर तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. त्यांनी कागदावर खिडकीसारखे चार चौकोन काढले, एक पेनाने काळा केला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळीही चारात एक." पुढच्या वेळीही, असं त्या म्हणाल्या होत्या. मी शेजारच्या खुर्चीवर होते, मी ऐकलं. पण ज्या बाईचं मूल नुकतंच गेलंय तिला शब्द ऐकू येत नाहीत, ती नुसते चौकोन बघते.

त्यानंतर पाच महिने टाचणी दोन घासांवर होती. कामावर जायची, यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. बाळ्या विनोद करून करून थकला. मग एका रविवारी सकाळी मी शेंगा सोलत बसले होते तर ती तो कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर पाटावर बसली. केस विंचरलेले होते. किती दिवसांनी.

"ताई, मला आज लख्ख कळलं," ती म्हणाली. "चारात एक. म्हणजे चार नगांचा गठ्ठा, त्यात एक खराब. तो आपला पहिलाच हाताला लागला. निघून गेला. आता बाकीचे तीन चोख असणार ना?"

आणि बोलता बोलता तिने जीभ चावली. डोळे भरून आले. "बघा, मी माझ्या पोरीला नग म्हटलं."

मी शेंग हातात धरून तशीच बसले. चूक माझ्यासमोर ढळढळीत पडली होती. वर्गात असती तर मी तिला फळ्यापाशी बोलावलं असतं. पण ती रडता रडता हसत होती, आणि तिने टोपलीतली कच्ची शेंग उचलून खाल्ली, मग दुसरी खाल्ली. तिला भूक लागली होती.

"हं," मी म्हणाले.

एवढंच. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की 'हं' हे काही उत्तर नव्हे. माझ्या मुलींपैकी कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी तिचे कान उपटले असते.

वर्षाच्या आत तिला दिवस गेले. बाळ्या घरभर नाचला; बाकीचे तीन चोख, हा हिशेब टाचणीने त्यालाही सांगितला होता. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. पोटात सुई घालून थोडं पाणी काढतात आणि मूल नीट आहे की नाही ते बघतात, अशी ती तपासणी. ठराविक आठवड्यांच्या आत करायची, मग मुदत संपते. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या दारासमोर मोठी रांग होती, त्यांनी चिठ्ठी हातात दिली आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. टाचणीने ती आणून माझ्यापुढे ठेवली.

"करू का हो ताई? त्या सुईनेसुद्धा एखादीचं पडतं म्हणतात. आपला तर खराब निघून गेलाय. मग उगाच कशाला ती सुई? तुम्ही सांगाल ते."

मी वह्या तपासत होते. लाल पेन हातात होतं. मनात पटकन हिशेब मांडला: चारात तीन, म्हणजे पाऊण. पाऊण म्हणजे भरपूर. पाऊस न येण्याची पाऊण संधी असेल तर मी छत्री न घेता बाहेर पडते. आणि आता खरं सांगितलं तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल, आणि तिला तसं पाडणारी मी असेन. सांगून टाकते, ते मला नको होतं. तिच्या भल्यासाठी मी गप्प बसले, हे मी स्वतःला सांगितलेलं होतं, पण खरं म्हणजे तिचं हसू माझ्या बोलण्याने पुसलं जायला मला नको होतं.

"मग राहू दे," मी म्हणाले आणि पुढची वही ओढली.

चिठ्ठी तिने फाडून टाकली. मुदत गेली.

कारखान्यात तिच्या विभागावर देखरेख करणारी बाई निवृत्त होणार होती. ती जागा टाचणीला मिळण्यासारखी होती, फक्त शाळेची शेवटची परीक्षा पास हवी. टाचणीची शाळा सुटलेली, गणितापायीच. "या वेळी बसतेच मी," ती म्हणाली. परीक्षा सातव्या महिन्यात येत होती. बाळ्या म्हणाला, "घरात काटा असताना शिकवणी कशाला लावायची?" माझं टोपणनाव त्याला माहीत होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आमचा वर्ग भरू लागला. ती चांगली विद्यार्थिनी निघाली, हे मला कबूल करायला हवं. समीकरणं सोडवताना ती मधला टप्पा कधी गाळायची नाही. भूमितीत तिची नजर माझ्यापेक्षा तेज होती; आकृतीत रेघ जराशी तिरकी असली की लगेच म्हणायची, "ताई, हा नग परत." पोट टेबलाला लागायला लागलं तसं ती खुर्ची मागे सरकवत गेली आणि वही लांब धरून लिहायला लागली.

शेवटचा धडा संभाव्यतेचा. सोपा, हमखास गुणांचा. नाणं उडवलं तर छापा येण्याची संभाव्यता किती, फासा टाकला तर सम संख्या येण्याची किती. नमुना अवकाश लिहायचा, घटना लिहायची, भागाकार करायचा. टाचणीला तो खेळच वाटला. पहिला सरावसंच तिने एका बैठकीत संपवला आणि पान उलटलं.

दुसऱ्या संचातलं पहिलं उदाहरण मला तोंडपाठ आहे. पिशवीत तीन पांढरे आणि एक काळा चेंडू आहे. एक चेंडू काढला, त्याचा रंग पाहून तो परत पिशवीत ठेवला आणि पुन्हा एक चेंडू काढला. दुसरा चेंडू काळा असण्याची संभाव्यता किती?

तीन पांढरे आणि एक काळा. दरवर्षी हे उदाहरण मी साठ मुलींना घालते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

"हा संच सोड," मी म्हणाले. "यावर प्रश्न येत नाही."

"अख्ख्या संचावर?"

"नाही म्हटलं ना. मिटव पुस्तक, पाय सुजलेत तुझे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पुस्तक मिटवलं. मी गणिताच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाही, अशी घरात माझ्याबद्दल समजूत होती.

परीक्षेला बारा दिवस राहिले होते. शनिवारी मी शाळेतून दुपारी घरी आले तर ती टेबलाशी बसलेली. कारखान्यातून सुट्टी घेतली होती. समोर मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पसरलेल्या, त्या तिने कुठून तरी मागून आणल्या होत्या. शेजारी तिची शिवणाची छोटी कापडी थैली आणि एक वही.

"ताई, पाचही वर्षं आलाय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "परत ठेवून काढायचा चेंडू. दर वर्षी आहे."

मी खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"मग मी सगळा संच सोडवला. उत्तरं मागे बघितली, बरोबर आली. पण ते दुसऱ्यांदाही एक छेद चारच कसं येतं, ते मला पटेना. म्हटलं, करून बघावं." तिने थैली उघडून माझ्यापुढे ओतली. चार बटणं. तीन पांढरी, एक काळं. "एक काढायचं, लिहायचं, परत टाकायचं. चाळीस वेळा केलं. अकरा वेळा काळं आलं. ते ठीक आहे, जवळपास चारात एकच झालं. पण हे बघा."

वहीत तिने 'पां' आणि 'का' अशी अक्षरं ओळीने लिहिली होती. तीन ठिकाणी लाल पेनाने गोल केले होते. का का. का का. का का.

"लागोपाठ दोनदा. तीनदा झालं असं." तिने बटणं पुन्हा थैलीत भरली. "गठ्ठ्यातला खराब नग मी काढते तो टोपलीत जातो. परत गठ्ठ्यात जात नाही. म्हणून मला वाटलं... पण पोट म्हणजे गठ्ठा नाही ना ताई?"

"नाही."

"दर वेळी चारही आत असतात?"

"असतात."

"आत्ता, या वेळीही?"

"हो."

ती थोडा वेळ वहीवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, आता रडेल, आता ओरडेल. मी त्याची वाटच बघत होते म्हणा ना.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी शेंगा खाताना बोलले तेव्हा?"

"तेव्हाही."

"चिठ्ठी आणली तेव्हा?"

मी मान डोलावली. मग म्हणाले, आणि आजही मला त्या वाक्याची लाज वाटते, "अगं, पण चारात तीन चांगलेच असतात. पाऊण म्हणजे पुष्कळ असतं."

"तुमच्या पोटात असतं तर पुष्कळ वाटलं असतं?" ती म्हणाली.

बाहेर कोणाची तरी गाडी चालू होत नव्हती, मालक किल्ली फिरवत होता, पुन्हा पुन्हा. टाचणीने वही मिटली, प्रश्नपत्रिका नीट एकावर एक रचल्या.

"यांना सांगू नका," ती म्हणाली. "आता मुदत गेलीय, सांगून करायचं काय. ते हसतायत तर हसू देत. एकाच्याच जिवाला घोर पुरे."

"दोघींच्या," मी म्हणाले.

"तुमचं मला माहीत नाही."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तिने कसे काढले त्यापुढे माझं काहीच नव्हतं. तिने घरात एकही भांडं आपटलं नाही. मला 'ताई' म्हणायची, ताट वाढायची, अभ्यासाला बसायची, आणि अडलं तरी विचारायची नाही. मी एकदा तिच्या खुर्चीशी उभी राहून म्हणाले, "माझं चुकलं गं." तिने पेन खाली न ठेवता विचारलं, "चुकलं म्हणजे काय ताई? बेरीज चुकली?"

पहिल्या वेळी ती पोटातल्या मुलीशी दिवसभर बोलायची. भाजी चिरताना, केस पुसताना, कामावर निघताना. आता एक अक्षर नाही. पोटावर हातसुद्धा ठेवायची नाही, दोन्ही हात टेबलावर नाहीतर मांडीवर. बाळ्याला यातलं काही दिसलं नाही. तो संध्याकाळी कामाच्या कपड्यांनिशी यायचा, तिच्या पोटाला तोंड लावून विचारायचा, "काय साहेब, कितवा मजला? सातवा? आठवा? दार उघडायचं का?" आणि स्वतःच पोट धरून हसायचा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायची. त्याने एक जुनी लहान खाट आणून गच्चीत घासली आणि निळा रंग दिला. रंगाचे हात घेऊन तो मला म्हणाला, "ताई, या वेळी कसं निर्धास्त वाटतंय ना?" मी म्हणाले, हो. आता मी सरळ 'हो' म्हणायला लागले होते.

परीक्षा झाली. पिशवीतल्या चेंडूंचं उदाहरण आलं होतं, परत ठेवण्याचंच. ते तिने मला सांगितलं नाही, मी शाळेत प्रश्नपत्रिका मागून बघितली. पुढे निकाल लागला तेव्हा गणितात तिला एक्याण्णव होते. बाळ्याने सगळ्या इमारतीला सांगितलं की हे ताईच्या शिकवणीचं फळ. टाचणी म्हणाली, "हो, ताईंनीच शिकवलं." बाळ्याला त्यात कौतुक ऐकू आलं.

मुलगा झाला. वेळेवर, त्रास न होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेला टोचून रक्त घेतलं आणि अहवाल तीन आठवड्यांनी मिळेल असं सांगितलं. त्या तीन आठवड्यांत टाचणीने बाळाचं करायचं ते सगळं केलं, दूध, अंघोळ, दुपटी, कशात म्हणून कमी नाही. पण त्याला उचललं की आधी ती त्याचे पाय वर करून बघायची, सोडायची, ते कसे पडतात ते बघायची. मग मान. मग मुठी. टेबलावर आलेला शर्ट तपासावा तसं. नंतर त्याला छातीशी घ्यायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. मी दारातून हे बघायची आणि आत जायची माझी हिंमत व्हायची नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, पण तो टांगून घ्यायचाही मला काही हक्क नव्हता.

अहवालाच्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. बाळ्या दुपारी शीळ घालतच दवाखान्यात गेला. त्याच्या लेखी तो एक आणायचा कागद होता. तासाभराने आला आणि दारातूनच म्हणाला, "काही नाही, सगळं नीट! असणारच ना." टाचणीने कागद हिसकून घेतला. तिने तो तीनदा वाचला. मग भिंतीला धरून हळूहळू खाली बसली आणि तोंडावर पदर दाबून जी रडायला लागली, ती थांबेचना.

"अगं वेडे, रडतेस काय?" बाळ्या हसत तिच्या पाठीवर थोपटत होता. "हे तर ठरलेलंच होतं!"

इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मला श्वास पुरा घेता आला. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मागोमाग डोळे पुसत टाचणी आली आणि कप मांडायला लागली. माझ्याच्याने राहवलं नाही. सुटका झालेल्या माणसाची जीभ सैल सुटते. मी म्हणाले, "बघ, शेवटी चारातल्या तिघांतलाच निघाला ना."

तिने कप खाली ठेवला.

"तो नीट निघाला म्हणून तुम्ही बरोबर ठरत नाही, ताई."

सव्वीस वर्षांत वर्गात मला कोणी इतकं अचूक उत्तर दिलेलं नाही.

"अडीच महिने मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही," ती म्हणाली. "आतून लाथा मारायचा, मी ओ दिली नाही. मेलेलं मूल पोटात घेऊन फिरावं तशी फिरले. आणि तो धडधडीत जिवंत होता. ऐकत होता." तिने चहा गाळला. एक थेंब बाहेर सांडला नाही. "आता रोज बोलायला जाते तर तोंडातून शब्द फुटत नाही. परक्याचं मूल घेतल्यासारखं वाटतं. कधीतरी फुटेल. पण तेवढे दिवस त्याचे गेले, आणि माझेही."

बाहेरून बाळ्याची हाक आली. मी जाऊन खुर्चीत बसले तर त्याने बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. टाचणी चहा घेऊन दारात उभी राहिली. बाळाने माझं बोट धरलं होतं, घट्ट, चांगलं जोर लावून. बाळ्या समोर उकिडवा बसला, आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की तो पुन्हा नऊ वर्षांचा दिसत होता.

"ताई, मी काय म्हणतो," त्याने बोटं पुढे धरली. "चारातलं एक गेलं, एक आलं. म्हणजे अजून दोन शिल्लक, आणि दोन्ही चोख! याला एक बहीण आणू या. वर्षा-दोन वर्षांत. काय गं?" त्याने दाराकडे बघितलं. "घाबरायचं काही कारणच नाही आता."

टाचणी माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात ना विनवणी होती ना धमकी. ती नुसती थांबली होती, फळ्यापाशी बोलावलेल्या मुलीचं उत्तर ऐकायला मी थांबते तशी. मला पुन्हा एकदा 'हं' म्हणता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं.

"नाही, बाळ्या," मी म्हणाले. "तसं नसतं ते."

"कसं नसतं?"

"शिल्लक वगैरे काही नसतं. दर वेळी पुन्हा चारात एक. आधी काय झालं त्याचा पुढच्याशी काही संबंध नाही. पुढच्या वेळीही तेवढीच भीती. याच्याही वेळी तेवढीच होती."

तो हसत राहिला, मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून आधी गेलं. त्याने बोटं मिटली. लिफ्ट बिघडली की तो असाच बसतो, आवाज न करता, कुठे काय अडकलंय ते मनात शोधत.

"हा पण...?"

"हा पण."

"हिला माहीत होतं?"

"सातव्या महिन्यापासून," टाचणी दारातून म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. ते कॅलेंडर, ते टेबलावर ठेवलेले हात, ते मुकाट बसणं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसलं. तो फार हुशार नाही, पण इतका मठ्ठही नाही.

"आणि तुला, ताई?"

"पहिल्यापासून."

"त्या सुईच्या वेळी?"

"मीच राहू दे म्हणाले."

मला वाटलं, तो ओरडेल. मी त्याच्यासाठी काय काय केलंय, आईच्या मागे कसं वाढवलंय, हे सगळं माझ्या तोंडाशी तयार होतं, त्याने ओरडायचाच अवकाश. पण तो उठला. त्याने वाकून आधी माझं बोट बाळाच्या मुठीतून सोडवलं, एकेक करून चार छोटी बोटं उलगडत. मग मानेखाली एक हात, पाठीखाली एक हात घातला आणि त्याला माझ्या मांडीवरून उचललं. टाचणीने कप खिडकीत ठेवले आणि ती त्याच्या मागोमाग आतल्या खोलीत गेली. दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून बाळ्याने दार पायाने लोटून घेतलं.